गहाण, जप्ती आणि शेतकऱ्याचे राहते घर

दिवाणी न्यायालयाकडून पैशाचा हुकूमनामा मिळवलेला धनको ऋणकोची जमीन, दुकान, मोटारसायकल, बँकेतील ठेव जप्त करवू शकतो. ऋणको शेतकरी असेल तर तो स्वतः राहत असलेल्या घरापाशी मात्र ही जप्ती थांबते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार शेतकरी, मजूर किंवा घरकामगार यांच्या मालकीचे आणि त्यांच्या वहिवाटीतील घर जप्त करता येत नाही आणि विकताही येत नाही. घराखालची जागा, घराचे लाकूड-दगड-पत्रे आणि घराच्या वापरासाठी लागणारी लगतची जागा, म्हणजे अंगण, गोठा, परसू, हेही या संरक्षणात येते. शेतजमिनीला मात्र हे कलम लागू नाही. शिवारातील चार एकर लिलावात जाऊ शकतात, गावठाणातील राहते घर जाऊ शकत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस, द्राक्ष, डाळिंब आणि दूधधंद्यासाठी बँका, विकास सोसायट्या आणि पतसंस्था यांच्याकडून कर्ज उचलणाऱ्या कुटुंबांसाठी हा फरक मोठा आहे. तरीही तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

या संरक्षणाला एक मोठे भगदाड आहे. घर त्याच कर्जासाठी गहाण टाकलेले असेल, तर कलम ६० उपयोगी पडत नाही. घर वाचणार की जाणार, हे अनेकदा न्यायालयाच्या पायरीवर ठरतच नाही. ते त्याआधी किती तरी वर्षे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गहाणखतावर सही होते त्या दिवशी ठरलेले असते.

कायद्याने येथवर यायला फार किंमत मोजली आहे, आणि तिचा बराच हिशेब याच दोन तालुक्यांत मांडलेला आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्याने पाहणी व प्रतवारी केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया इंदापुरात घातला गेला. शेत मोजले गेले, त्याला क्रमांक मिळाला, सारा निश्चित झाला आणि खातेदाराचे नाव कागदावर आले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. जमीन विकता येण्याजोगी आणि गहाण टाकता येण्याजोगी वस्तू झाली. त्याआधीही सावकार होते आणि कर्जही होते, पण सावकाराची भिस्त पिकावर आणि ऋणकोच्या पतीवर असे. आता त्याला जमीन दिसू लागली.

१८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत शेतकऱ्याच्या घराला संरक्षण नव्हते. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावरील दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली. ऋणकोला दिलासा मिळावा असा त्यामागचा हेतू होता, परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि उधारी सैल सुटली. युद्ध संपले, भाव कोसळले, उधारी आटली. नेमक्या त्याच सुमारास इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली आणि फेरपाहणीत तेथील सारा सुमारे दीडपट झाला. पाठोपाठ भीमथडी तालुक्यातही वाढ आली. सावकार कोर्टात जाई, रयत हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उद्रेक झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते. आसपासच्या गावांतून आलेल्या जमावाने गुजर आणि मारवाडी सावकारांची घरे व दुकाने फोडली. लुटीत कापड आणि धान्य गेले, पण जमावाचा खरा डोळा कर्जरोख्यांवर, खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. हे कागद मागून घेतले गेले आणि जाळले गेले. जेथे सावकाराने कागद निमूट दिले, तेथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारने दख्खन दंगे आयोग नेमला आणि १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. रयतेने नेमके काय जाळले, हे पाहिले की तिला आपल्या दुखण्याची नस किती अचूक सापडली होती ते कळते.

या घडामोडींच्या पाठोपाठ दोन कायदे आले. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकऱ्याच्या मालकीच्या व वहिवाटीतील घरांचे साहित्य जप्तीतून वगळले. कलम ६० मधील आजच्या तरतुदीचे मूळ तेथे आहे. दुसरा कायदा अधिक धाडसी होता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपवले, हप्ते बांधून देण्याची मुभा दिली, आणि कलम २२ मध्ये सांगितले की, शेतकऱ्याची स्थावर मिळकत त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल, तर हुकूमनाम्याच्या बजावणीत जप्त होणार नाही आणि विकलीही जाणार नाही. म्हणजे घरच काय, जमीनही वाचली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काही वर्षे काम केले. १९०५ मध्ये हा कायदा इलाख्याच्या उरलेल्या जिल्ह्यांनाही लागू झाला. पुढे १९३९ आणि १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली.

सावकारीनेही आपली रीत बदलली. साध्या रोख्यावर जमीन हाती येत नाही म्हटल्यावर सावकार गहाणखत मागू लागला. गहाणाचे हिशेब न्यायालय उकरते असे दिसताच तो थेट खरेदीखत लिहून घेऊ लागला आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा शब्द तोंडी राहिला. तेव्हा कायद्यात आणखी दुरुस्ती झाली. वरून विक्री दिसणारा व्यवहार आतून गहाण आहे, हे दाखवण्यासाठी शेतकऱ्याला तोंडी पुरावा देण्याची मुभा मिळाली. कायदा आणि सावकारी यांच्यातील ही पळापळ आजही संपलेली नाही.

आजच्या कायद्याकडे वळताना पहिला प्रश्न येतो तो शेतकरी कोणाला म्हणायचे हा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कलम ६० मध्ये याची व्याख्या दिलेली आहे. जो जमीन स्वतः कसतो आणि ज्याचा चरितार्थ मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर चालतो, तो शेतकरी. मग तो मालक असो, कूळ असो, भागीदार असो वा शेतमजूर. घरच्या माणसांकडून किंवा रोख अथवा धान्याच्या मजुरीवर लावलेल्या गड्यांकडून कसणे हेही स्वतः कसणेच. पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला दिलेली जमीन त्यात बसत नाही. तेव्हा नुसता सातबारा दाखवून भागत नाही. बारामतीच्या एमआयडीसीत कायम नोकरी करणारा आणि दोन एकर बटाईने लावणारा मनुष्य गावाच्या भाषेत शेतकरी असला, तरी या कलमापुरता तो बहुधा शेतकरी ठरणार नाही. घरही प्रत्यक्ष वहिवाटीत हवे. भाड्याने दिलेली खोली किंवा रस्त्याकडेचा दुकानगाळा यांना संरक्षण नाही.

घराच्या आतले सामानही कलम ६० काही प्रमाणात राखते. बेलीफ जप्तीला आला, तर कुटुंबाचे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्री अंगावेगळे करू शकत नाही असे दागिने, म्हणजे व्यवहारात मंगळसूत्र, यांची यादी त्याला करता येत नाही. शेतीची अवजारे, न्यायालयाच्या मते चरितार्थाला आवश्यक असलेली जनावरे आणि बियाणे वगळावे लागते. कारागिराची हत्यारे वगळली जातात. भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कमही जप्तीबाहेर आहे. ट्रॅक्टर मात्र ज्या कर्जातून घेतलेला असतो त्याच कर्जाला बहुधा तारण असतो, म्हणून त्या कर्जाच्या वसुलीत तो वाचत नाही.

१९७६ मध्येच आलेले पोटकलम (१अ) प्रत्येक कर्जदाराने लक्षात ठेवावे असे आहे. कलम ६० खालील सवलत आपण सोडून देत आहोत, असा करार ऋणकोने केला तरी तो रद्दबातल ठरतो. कर्जाच्या छापील अर्जात बारीक टायपात असे वाक्य असले, तरी त्याला किंमत नाही. मग गहाण कसे चालते? गहाण देताना मालक नुसती सवलत सोडत नाही, मिळकतीतील हक्काचा एक भागच धनकोला देतो. गहाणाच्या दाव्यात मिळकत आधी जप्त करावी लागत नाही, ती विकण्याचा हुकूमनामा थेट होतो. म्हणून न्यायालयांनी खास गहाण दिलेल्या घराला कलम ६० चा आडोसा दिलेला नाही.

बँकांच्या हातात याहून वेगवान साधन आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना दिला. खाते थकीत वर्गात गेल्यावर बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते. त्या मुदतीत रक्कम भरली नाही, तर ती ताबा घेऊ शकते आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदत मागू शकते. प्रत्यक्ष ताबा घ्यायला अनेकदा महसूल खात्याचा कर्मचारी आणि पोलीस दारात उभे राहतात ते यामुळेच. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांच्या आत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पुणे जिल्ह्यासाठी हे न्यायाधिकरण पुण्यात आहे. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी थकबाकी भरली तर तारण सोडवता येते. २०१६ च्या दुरुस्तीने ही वेळ पूर्वीपेक्षा आधीची केली आहे. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे का, हा वाद कागल तालुक्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ५ मे २०२० रोजी घटनापीठाने होकारार्थी उत्तर दिले. सहकारी बँकांच्या जाळ्यात वावरणाऱ्या बारामती-इंदापूरसारख्या भागात या निकालाचे परिणाम घरोघर पोचणारे आहेत.

याच कायद्याचे कलम ३१ काही गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर ठेवते. शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी लागू होत नाही. मात्र जमीन खरोखर शेतीच्या वापरात आहे का, हे वस्तुस्थितीवर ठरते, आणि ते सिद्ध करण्याचा भार कर्जदारावर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. दिवाणी संहितेच्या कलम ६० ने राखलेली मिळकतही वगळलेली आहे, पण त्यातही त्या कर्जासाठी खास तारण दिलेल्या मिळकतीचा अपवाद आहेच. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने इंदापूर शहरात बिगरशेती प्लॉटवर गृहकर्जाने बंगला बांधला आणि हप्ते थकले, तर तो शेतकरी असल्याचा त्या बंगल्याला काही उपयोग नाही. शेतजमीन सरफेसीतून सुटली म्हणून कर्जातून सुटली असेही नाही. बँकेला दावा लावण्याचा मार्ग खुला असतो, आणि सहकारी संस्थेला १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेता येतो.

हप्ते झेपेनासे झाले की काही कर्जदार घराची किल्ली बँकेत देऊन मोकळे होण्याचा विचार करतात. अमेरिकेतील काही राज्यांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, घरखरेदीच्या ठरावीक कर्जांपुरते असे मोकळे होता येते. घर विकून आलेली रक्कम कमी पडली तरी उरलेल्या पैशासाठी धनको मालकाच्या मागे लागू शकत नाही. भारतात तसे नाही. लिलावातून थकबाकी पूर्ण फिटली नाही, तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या डोक्यावर राहते आणि तिच्यासाठी बँक न्यायाधिकरणाकडे किंवा दिवाणी न्यायालयाकडे जाऊ शकते. गहाणावरून विक्रीचा दावा लावण्याची मुदत बारा वर्षांची आहे, वैयक्तिक वसुलीची साधारण तीन वर्षांची. हुकूमनामा झाला की त्याची बजावणी पुढे बारा वर्षे मागता येते.

कलम ६० चा खरा उपयोग येथे सुरू होतो. समजा, इंदापूर तालुक्यातील एका बागायतदाराने उजनी धरणाच्या फुगवट्यावरून पाइपलाइन आणण्यासाठी शेत गहाण टाकले, बाग बसली नाही, शेत लिलावात गेले आणि तरी काही लाख बाकी उरले. त्या उरलेल्या रकमेसाठी धनको त्याच्या गावठाणातील राहत्या घरावर दरखास्त आणू शकत नाही, कारण ते घर गहाण नव्हते. गेलेले शेत परत येत नाही, पण कुटुंबाचे छप्पर राहते. मात्र शेत गेल्यावर चरितार्थ शेतीवर आहे का, असा प्रश्न धनको उभा करील. दुसऱ्याची जमीन कुळाने कसणारा किंवा शेतमजुरी करणारा त्याला उत्तर देऊ शकतो, कारण व्याख्येत दोघेही आहेत.

जामीनदाराचेही असेच आहे. गावाकडे पतसंस्थेच्या कर्जाला भाऊबंद आणि शेजारी एकमेकांना जामीन राहतात, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने घर तारण दिलेले नसेल आणि तो शेतकऱ्याच्या व्याख्येत बसत असेल, तर कलम ६० त्याच्याही बाजूला आहे. सहकारी संस्थेच्या वसुलीत हा मुद्दा आपोआप कोणी काढत नाही. सहकारी संस्था नियमांच्या नियम १०७ नुसार मिळकत जप्तीस पात्र नाही असा आक्षेप आला, तर वसुली अधिकाऱ्याने त्याची चौकशी करायची असते. हा आक्षेप लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

जप्तीची चाहूल लागताच घर बायकोच्या किंवा मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. तो घातक आहे. धनकोला बुडवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येते.

खासगी सावकाराच्या व्यवहारात मुदत खरेदीचे, म्हणजे पैसे फेडल्यावर मिळकत परत देण्याच्या शब्दावर केलेल्या विक्रीचे, दुखणे सर्वांत जुने आहे. १९२९ च्या दुरुस्तीपासून मिळकत परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार शर्ती विक्रीचे गहाण मानला जाऊ शकतो. वेगळ्या कागदावर किंवा तोंडी राहिलेली अट त्याला गहाण बनवत नाही. नेमके हेच ठाऊक असल्याने बेकायदा सावकार साफ खरेदीखत करून घेतो. याला उत्तर म्हणून २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम महत्त्वाचा आहे. त्याच्या कलम १८ खाली बेकायदा सावकारीतून बळकावलेली स्थावर मिळकत परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि मागील पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतात. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला, तर खरेदीखत अवैध जाहीर करून ताबा परत देण्याचा आदेश होऊ शकतो. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दख्खनच्या जुन्या कायद्यातील चांगला भाग येथे नव्या रूपात परतला आहे, आणि तो अधिक वापरला जायला हवा.

शेतकरी नसलेल्यांची बाजू मात्र महाराष्ट्रात उघडी आहे. बारामती शहरातील शिंपी, किराणा दुकानदार किंवा शिक्षक यांचे एकुलते एक घर, गहाण नसतानाही, पैशाच्या हुकूमनाम्यात जाऊ शकते. पंजाब आणि हरियाणात राज्य दुरुस्तीने शेतकरी नसलेल्या ऋणकोचेही एक मुख्य राहते घर जप्तीतून वगळलेले आहे. त्या कर्जाला तारण दिलेले घर तेवढे अपवाद. टेक्सासने, ते स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, २६ जानेवारी १८३९ रोजी असा कायदा केला आणि पुढे अमेरिकेतील अनेक राज्यांनी तो उचलला. दिवाळखोरीत गेलेल्या कुटुंबाला रस्त्यावर आणून धनकोचे होणारे भले थोडे आणि समाजाचे नुकसान मोठे, हा त्यामागचा विचार येथेही तितकाच खरा आहे. राहत्या एका घरापुरती, किमतीची मर्यादा घालून का होईना, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने करणे रास्त ठरेल.

गावठाणातील घरांबाबत एक नवी गोष्ट घडत आहे. आजवर या घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरील नोंदीपलीकडे फारसा कागद नव्हता, म्हणून बँका त्यांवर कर्ज द्यायला नाखूश असत. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात महाराष्ट्राने ड्रोनने गावठाण मोजणीचा प्रयोग केला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली आणि घरोघर मिळकत पत्रिका मिळू लागली. हक्काचा कागद मिळणे चांगलेच आहे. पण १८३६ मध्ये इंदापुरात जमिनीचे जे झाले, ते आता घराचे होऊ शकते. कागद आला की घर तारण म्हणून मागितले जाईल, आणि तारण दिले की कलम ६० चे संरक्षण त्या कर्जापुरते संपेल.

कर्जाची गरज टळत नसते, पण तारण काय द्यायचे हे बऱ्याचदा कर्जदाराला ठरवता येते. शेती किंवा धंद्याच्या कर्जाला राहते घर जादा तारण म्हणून मागितले गेले, तर दुसरे तारण पुढे करावे, निदान सही करण्यापूर्वी गहाणखत वकिलाकडून वाचून घ्यावे. कर्ज फिटल्यावर बोजा उतरल्याचा फेरफार झाला का ते पाहावे आणि मूळ कागद परत घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ते ३० दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई आहे. नोटीस आली तर ती घेण्याचे टाळू नये. ४५ दिवसांची मुदत नोटीस नाकारल्याने थांबत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.